पुढे गेलेलं जोडपं

१

आमचे हे जर्मनीहून आले ते एक खूळ घेऊन आले. लोक परदेशातून टेपरेकॉर्डर आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात. ह्यांनी आणलं सायकलचं खूळ. भांडुपच्या ज्या कारखान्यात हे ड्राफ्ट्समन होते, त्यांनी ह्यांना चार महिने ट्रेनिंगला धाडलं होतं. तिथे रविवारी नवरा-बायको आपापली सायकल आगगाडीत चढवतात, लांब कुठेतरी उतरतात, दिवसभर भटकतात आणि संध्याकाळी परत येतात. बरोबर बायको नव्हती म्हणून ह्यांनी ते नुसतं स्टेशनावर उभं राहून पाहिलं. घरी आल्यावर पंधरा दिवस दुसरा विषय नाही.

"अहो, तो परदेश आहे," मी म्हणाले. "आपलं हे घाटकोपर आहे."

"गाडी तिथेही रुळांवरूनच धावते गं, सुगंधा."

ह्यांच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आठ वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यावर हात सोडाच, आवाजसुद्धा चढवला नव्हता. आवाज चढवायचं खातं माझ्याकडे. रस्त्यात कुणी धक्का दिला तर धक्का देणाऱ्यालाच सॉरी म्हणणारा माणूस. न्हाणीघरातलं झुरळ कागदावर घेऊन गॅलरीतून खाली सोडायचे, आणि खालच्या मजल्यावरच्या मालनबाई माझ्याशी भांडायला यायच्या. मी ह्यांना लोण्याचा गोळा म्हणायचे. म्हणायचे चिडून, पण मनातून मला त्याचा फार आधार होता.

शेवटी सन शहाऐंशीच्या एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही निघालो. ह्यांची जुनी सायकल, आणि माझ्यासाठी घेतलेली सेकंडहँड लेडीज सायकल. मी राजापूरला भावाची सायकल पळवून शिकले होते, त्यामुळे पडायची भीती नव्हती. लगेजची तिकिटं काढली, पावणेसातच्या गाडीच्या लगेज डब्यात सायकली चढवल्या, दादरला पुलावरून खांद्यावर वाहून नेल्या. "जर्मनीत पूल नसतात वाटतं," मी म्हणाले. ह्यांना दम लागला होता, तरी हसले.

पुढच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. दारातून वारा येत होता. हे म्हणाले, "तिथल्या बायका नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारतात. तूही मार ना एकदा."

"मग तिथलीच करायची होती एखादी."

मी ह्यांचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही सासूबाईंनी चिमटा काढला म्हणून. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं अशी आमच्याकडची समजूत. माझा काही त्यावर विश्वास नव्हता. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. पण जीभ काही माझ्या वर्गात बसलेली नव्हती.

२

मालाडला उतरलो तेव्हा साडेआठ वाजले होते. माझ्या मागच्या चाकात हवा कमी वाटत होती म्हणून मार्वे रोडच्या तोंडाशी एका सायकलवाल्याकडे थांबलो. म्हातारा माणूस, पंक्चर काढत बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "परत? मघाशीच तर भरून दिली."

"आम्हाला नाही, आजोबा. दुसऱ्या कुणाला तरी," हे म्हणाले.

म्हाताऱ्यानं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप पंप मारला. हे पुढे झाल्यावर मला हळूच म्हणाला, "ताई, स्टेशन जवळ आहे इथून. जायचं असलं तर आत्ता जा." मला वाटलं, ऊन वाढेल म्हणून सांगतोय.

मार्व्याचा रस्ता तेव्हा मोकळा होता. एका बाजूला नारळी, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. मी ह्यांना दोनदा मागे टाकलं. हे मागून घंटी वाजवत होते आणि मी वळून दात दाखवत होते. सुख म्हणतात ते बहुतेक तेवढंच होतं, आणि त्यातलाही अर्धा वेळ मी ऊन लागतंय म्हणून कुरकुरण्यात घालवला.

धक्क्यावर मनोरीला जाणारी होडी लागलेली होती. होडीवाला दशरथ, पुढे त्याचं नाव कळलं, चांगला आडवा माणूस. त्याचा खालचा ओठ मधोमध फाटला होता आणि त्यावर त्यानं चिंधी दाबून धरली होती. ह्यांना बघितल्याबरोबर त्यानं वल्हं उचललं.

"होडीत पाय ठेवला तर डोका फोडीन."

हे जागच्या जागी थांबले. मी मागून पुढे आले. दशरथनं मला पाहिलं आणि त्याचं वल्हं खाली आलं.

"बाय, तू उभी कशी काय?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सात वाजता ह्याच सायकली मी माज्या हातानं चढवल्या. बाईला जरा बसू दे, तिच्या डोक्यातनं रगत येतं, एवढाच बोललो. तं ह्यानं हँडल उचलून तोंडावर मारला माज्या. वर नाव सांगून गेला, ध्यानात ठेव म्हणून."

"काय नाव?" ह्यांनी विचारलं.

"तूच सांग ना," दशरथ म्हणाला.

ह्यांनी खिशातून लगेजची तिकिटं काढून त्याच्यापुढे धरली. घाटकोपरचा शिक्का, आजची तारीख, गाडीची वेळ. होडीत बसलेल्या एका बाईनं ती पाहिली आणि म्हणाली, "दुसरा असंल रे. सोड." दशरथ बाजूला झाला, पण ह्यांच्याकडे पाठ काही केली नाही.

हे मला म्हणाले, "सुगंधा, परत जाऊया." खरंच म्हणाले. आणि मीच हट्टाला पेटले. आपण काय कुणाचं घोडं मारलंय? दोन माणसं एकमेकांसारखी दिसतात, जगात असतं तसं. कुणी दारुडा बायकोला मारत पुढे गेला म्हणून मी माझा रविवार का सोडू? मी माझी सायकल स्वतः उचलून होडीत ठेवली. खाडी ओलांडायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत होडीतलं एकही माणूस ह्यांच्या शेजारी बसलं नाही.

३

मनोरीत सगळीकडे मिरच्या वाळत होत्या. वर्षाचा मसाला करायचे दिवस. अंगणांत, रस्त्याच्या कडेला, चटयांवर लालच लाल. हवेत इतका खकाणा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्हाला बघून बायका घरात गेल्या. मी म्हटलं, असतील लाजऱ्या.

एका कुंपणाशी कुत्रा पडला होता. मेलेलं कुत्रं काही मी पहिल्यांदा पाहत नव्हते. पण ह्याचं डोकं दगडानं ठेचलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा, जबडा कुठे आणि कान कुठे ते कळू नये इतकं. दगड शेजारीच नीट ठेवलेला होता. माश्या अजून फारशा जमल्या नव्हत्या. ह्यांनी सायकल लावली, नारळीची एक झावळी ओढून आणली आणि त्यावर घातली. मग रुमालाला हात पुसले.

चर्चच्या भिंतीपाशी हिरव्या काचेचे तुकडे होते. मी पाय टेकला आणि खाली पाहिलं. बांगड्यांचे तुकडे. नणंदेच्या लग्नात आठवड्यापूर्वीच मी चुडा भरला होता, तसलाच हिरवा, तसलीच सोनेरी रेघ. मी मनगट वर करून पाहिलं. माझ्या सगळ्या जागेवर होत्या. एका कासाराकडे असल्या हजार बांगड्या असतात, मी स्वतःला म्हटलं.

शाळेतल्या क्लॅरिस टीचरनं तिच्या ओळखीच्या एका बाईचा पत्ता दिला होता. ल्युसी तिचं नाव. रविवारी येणाऱ्यांना ती घरचं जेवण करून घालायची. पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा, हातावर हळदीचे डाग. दारात आली, मला पाहिलं आणि तिनं तोंडावर हात नेला. मग ह्यांच्याकडे न बघता माझा दंड धरला आणि मला सरळ आतल्या चुलीपाशी घेऊन गेली.

"बस, बाय. चक्कर येते का अजून?"

तिनं माझे केस कपाळावरून मागे सारले. आधी डावीकडे, मग उजवीकडे. तिची बोटं काहीतरी शोधत होती. सापडलं नाही तेव्हा तिनं ती चटका बसल्यासारखी काढून घेतली.

कोपऱ्यात एनॅमलची परात होती. परातीतलं पाणी गुलाबी होतं आणि काठावर टॉवेल टाकलेला होता.

"दोन तास पण झाले नसतील," ल्युसी म्हणाली. "ह्याच पाटावर बसली होती तू. मी पुसलं रगत. हीच साडी. हेच मंगळसूत्र."

"दुसरी कुणी असेल," मी म्हणाले. "काय म्हणाली ती?"

"काय नाय बोलली. मी विचारला, कोणी मारला गं? तं बाहेर त्याच्याकडं बघितला नुसता. मग तो आला नि हाताला धरून घेऊन गेला. मी अडवला नाय." ल्युसीनं चष्मा काढला आणि रडायला लागली. "मीच मनात बोलली, नवरा-बायकोचा हाय, आपण मधी कशाला पडायचा."

मी तिला समजावलं. साडी मिलच्या सेलमधली, त्या नक्षीच्या हजारो निघतात. माणूस घाबरलेला असला की चेहरा नीट पाहत नाही, साडीच पाहतो. नववीच्या मुलींना समजावते तसं एकेक करून सांगितलं. ल्युसी मान हलवत राहिली. मी बोलत होते, पण माझा एक कान बाहेर होता. व्हरांड्यात हे येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक वेळी पाऊल जरा जास्त जोरात पडत होतं.

जेवताना मी ह्यांच्यासमोर बसले. बोंबलाचं कालवण होतं. हे नेहमीसारखे काटे काढून ताटाच्या कडेला ओळीत लावत होते. मी हातांकडे बघत होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर कातडं सोललं होतं, ताजं.

"हे काय झालं?"

"चेन घसरली होती ना मालाडला."

चेन घसरलेली मला आठवत नव्हती. मी पुढे होते, माझ्या लक्षात आलं नसेल. असंच असणार. पण मी भात पुढे ढकलला आणि ह्यांनी "बरं नाही वाटत का गं?" म्हणून हात पुढे केला, तेव्हा मी मागे सरकले. अंगानं सरकले, मनाला कळायच्या आत. ह्यांनी ते पाहिलं. असा चेहरा झाला त्यांचा, मी कानाखाली मारली असती तरी झाला नसता.

४

"चल, घरी जाऊ," हे म्हणाले. दीड वाजला होता.

फाटकाशी आठ-दहा माणसं उभी होती. पुढे ग्रेगरी, ल्युसीचा धाकटा भाऊ. त्याच्या शर्टाला रक्त होतं. कुत्रा त्याचा होता, त्यानं त्याला उचलून नेऊन पुरलं होतं. शेजारी दशरथ, वल्हं घेऊन.

"मी तुम्हाला सांगतो," ह्यांनी सुरुवात केली. एकानं मागून येऊन ह्यांच्या तोंडावर हात दाबला, दोघांनी दंड धरले.

"तू गप," ग्रेगरी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. आवाज साधा होता, वाईट नव्हता. "बाय, तू सांग. ह्याचा नाव काय? सकाळच्याचा नाव दशरथला ठावं हाय. ह्याचा दुसरा असंल तं आत्ता सोडतो. माफी मागतो, होडीत नेऊन बसवतो."

इतकं सोपं होतं. कुठलंही नाव चाललं असतं. मी कुंडलिक म्हणाले असते, नंदू म्हणाले असते, तरी ते बाजूला झाले असते. पण दहा परके पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि कुणाला खोटं वाटेल, मला लाज वाटली. मी पदर सावरला, खाली पाहिलं. आठ वर्षं पोस्टमननं विचारलं, रेशनवाल्यानं विचारलं, की जे उत्तर मी देत आले तेच माझ्या तोंडातून आलं.

"पाच पांडवांतले धाकटे," मी म्हणाले. आणि वर थोडी हसलेसुद्धा, आपल्याकडे हसतात तशी.

ग्रेगरीला काही कळलं नाही. तो दशरथकडे बघायला लागला. दशरथनं वल्हं काखेत धरलं आणि बोटं मोजली. "धर्म. भीम. अर्जुन. नकुल." करंगळीवर तो थांबला.

"सहदेव," तो म्हणाला. "तोच हाय."

पहिला फटका पोटात बसला. हे वाकले. दुसरा मानेवर. मग मोजता आलं नाही. मिरच्यांच्या चटईवर पाडलं आणि लाथा घातल्या, बरगड्यांत, पाठीत, तोंडावर. मारताना ती माणसं बोलत नव्हती. नुसता धप धप आवाज, पोती उतरवतात तसा, आणि मध्ये ह्यांचं "अहो, थांबा, अहो, ऐका." मारणाऱ्यांनासुद्धा अहो. मी किंचाळत होते, एकाची मनगटं ओरबाडत होते. त्यानं मला बाजूला ढकललं, पण अलगद, म्हातारीला बाजूला करावं तसं. त्यांच्या लेखी ते हे सगळं माझ्यासाठी करत होते.

मग हे उठले. कसे ते देव जाणे. कुणाच्या तरी सायकलचा पंप हातात आला असावा. त्यांनी तो दशरथच्या तोंडावर मारला, त्या फाटलेल्या ओठावरच. मी दात तुटल्याचा आवाज ऐकला. पुन्हा मारला. पुन्हा. दशरथ खाली बसला तरी मारत राहिले, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. तोंड उघडं, रक्तानं भरलेलं, डोळे तिखटानं लाल, आणि त्या चेहऱ्यावर आनंद होता. लपवून ठेवलेली वस्तू शेवटी हातात आल्यावर होतो तसा.

त्या क्षणी मी ल्युसीवर विश्वास ठेवला. आठ वर्षं एका पारड्यात, आणि एका सकाळची अनोळखी माणसांची बोलणी दुसऱ्यात. मला कळतंय मी काय लिहितेय ते. ल्युसीनं माझा हात धरला आणि घरात खेचलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तिनं खेचलं नाही. मी गेले.

५

मागची खोली. ल्युसीनं मला आत सारलं, बाहेरून कडी घातली. "तो गावाच्या बाहेर जाईपर्यंत इथंच," म्हणाली आणि गेली.

खोली लहान होती, एकच खिडकी, उंचावर, गजांची. भिंतीला येशूची तसबीर. खाली मसाल्याची तयारी, भाजलेल्या मिरच्यांचा ढीग, लाकडी उखळ, आणि उखळात उभं केलेलं हातभर मुसळ, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं. खकाण्यानं श्वास घेता येत नव्हता. मी पदर नाकाला लावला आणि ऐकत राहिले.

ह्यांना पुन्हा पाडलं होतं. धप धप पुन्हा सुरू झालं होतं. मध्येच सायकलची घंटी वाजली, कुणाचा तरी पाय लागला असेल. मग ह्यांचा आवाज, "सुगंधा!" घशातून नव्हे, अगदी पोटातून. मला ते ऐकवेना. विश्वास गेला होता, पण आतडं कुठे जातं? मी दाराशी गेले, दोन्ही हातांनी दार बडवलं आणि सवयीनं जी हाक येते ती मारली.

"अहो!"

"ओ," माझ्या मागून उत्तर आलं. "इथेच आहे मी."

मी वळले. हे खोलीत उभे होते. उखळाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर.

शर्ट स्वच्छ होता. सकाळी मी इस्त्री केलेला, बाहीची घडी तशीच. केस विंचरलेले. ओठावर रक्त नाही, डोळे लाल नाहीत. आणि बाहेर रस्त्यावर धप धप चालूच होतं, आणि प्रत्येक फटक्याला ह्यांचा आवाज कण्हत होता. तो आवाज मी आठ वर्षं रात्रंदिवस ऐकलेला आहे, तो मला ओळखू येतो. बाहेरचा माझा नवरा होता. मग आतला कोण होता?

"चल," आतला म्हणाला. "ओरडू नकोस. इथून बाहेर पडायला हवं."

तो पुढे आला. मी तोंड उघडलं तर त्यानं माझ्या तोंडावर तळवा दाबला, दुसऱ्या हातानं मनगट धरलं. ओढलं. मी उखळावर आपटले, माझ्या बांगड्या फुटल्या आणि काच हातात रुतली. त्याच्या तळव्याला खोबरेल तेलाचा वास येत होता, ह्यांच्याच. "ऐक ना गं," तो कानाशी म्हणत होता, "ऐक ना." आवाज मऊ होता. दशरथच्या दातांवर पंप मारणाऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता, ल्युसीच्या परातीतलं पाणी होतं, आणि तो मऊ आवाज मला त्या सगळ्याहून भयंकर वाटला.

माझा मोकळा हात मुसळावर पडला. मी त्याचा तळवा चावले. पकड सुटली. मी दोन्ही हातांनी मुसळ उचललं आणि मिरची कुटतात तसं, सगळं अंग घालून, समोर मारलं. कडं कपाळावर बसलं, डाव्या भुवईच्या वर. आत काहीतरी दबल्याचं मला हातांना कळलं.

तो ओरडला नाही. माझ्याकडे बघत होता.

ओरडला बाहेरचा. "सुगं" एवढंच आलं, आणि आवाज मध्येच तुटला. धप धप थांबलं. मग बाहेर कुणीतरी म्हणालं, "ए, काय झाला ह्याला?"

तिखटानं माझे डोळे मिटले गेले. पुसून पाहिलं तेव्हा खोलीत मी एकटी होते, मुसळ हातात धरून. दाराची कडी बाहेरून तशीच होती. ल्युसीनं येऊन उघडली तेव्हा मी ती सरकताना ऐकली.

६

रस्त्यावर माणसं लांब लांब उभी होती. मध्ये हे पडले होते, उताणे. अंगावर सगळीकडे मार होता, पण डोकं बाकी ठीक होतं, एक जागा सोडून. डाव्या भुवईच्या वर गोल खळगा पडला होता, रुपयाएवढा, आणि त्याच्या आत लाल तिखट भरलेलं होतं.

"डोक्याला आमी हात नाय लावला," ग्रेगरी म्हणत होता. तो रडत होता. "आईच्यान, बाय. कोणी पुढं पण नव्हता त्याच्या. आपोआप झाला."

ह्यांना दशरथच्याच होडीतून पलीकडे आणि तिथून हॉस्पिटलात नेलं. दात पडलेल्या तोंडानं दशरथनंच होडी वल्हवली. ग्रेगरीनं ह्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं, मी धरलं नाही. मला हात लावायचं धाडस झालं नाही. माझ्या हातांना मिरचीचा वास येत होता आणि खाडीच्या पाण्यात धुऊन तो जात नव्हता.

दोन दिवस हे शुद्धीवर नव्हते. डॉक्टर म्हणाले, लोखंडी गोल वस्तूचा घाव आहे, सरळ समोरून. पोलिसांनी गावात शोध घेतला. वल्ही मिळाली, काठ्या मिळाल्या, गोल काही मिळालं नाही. ल्युसीची मागची खोली कुणी उघडून पाहिली नाही, कारण तिथे मी एकटी आणि बाहेरून कडी, असं ल्युसीनंच सांगितलं. सकाळचं ते जोडपं परत कुणाला दिसलं नाही. मीही ह्याचा पुष्कळ विचार केला. घाबरलेल्या बाईला भास होतो, हातून मुसळ हवेत फिरतं, बाहेर कुणाचा तरी फटका नेमका त्याच वेळी बसतो. असं सगळं जुळवता येतं. मी कितीतरी वेळा जुळवलं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी डोळे उघडले. सबइन्स्पेक्टर खुर्चीवर बसले होते, मांडीवर कागद.

"कोणी मारलं, आठवतं का?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी मान वळवली. मला पाहिलं आणि खांदा आक्रसून घेतला. मी जेवताना सरकले होते ना, तसे सरकले, होती नव्हती तेवढी ताकद लावून, भिंतीकडे. मग स्वतःच लाजल्यासारखे थांबले.

"मी तुला न्यायलाच आलो होतो गं," हे म्हणाले. "तू हाक मारलीस म्हणून. मला वाटलं, तुला तिथून बाहेर काढावं."

"कुठून?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही तर रस्त्यावर होता. वीस माणसांनी पाहिलंय."

 साहेब माझ्याकडे वळले. "भ्रमात बोलतायत, बाई. तुम्ही सांगा. डोक्यात कोणी घातलं? त्या ग्रेगरीनंच ना?"

खोलीत पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी दूध पीत होतं. मला खरं सांगता आलं असतं, आणि कुणी विश्वास ठेवला नसता, आणि तरी ते खरं राहिलं असतं. ग्रेगरीला दोन मुली होत्या, ल्युसी मला सकाळीच सांगून गेली होती. मी ह्यांच्या कपाळावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "ग्रेगरीनं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्या बघण्यात राग असता तर मी आज सुखानं जगले असते.

"ती म्हणते तसंच लिहा, साहेब," हे म्हणाले. "तिचं बरोबर असेल."

साहेबांनी लिहून घेतलं. ह्यांना सही करता येईना, म्हणून अंगठा घेतला.